साक्ष कामगाराची, शब्द दुभाष्याचे

चाकण-भोसरीच्या पट्ट्यात प्रेस मशीनवर बोटं गमावलेला ओडिया किंवा बंगाली कामगार भरपाईसाठी साक्षीला उभा राहिला, की त्याचं म्हणणं कागदावर कसं उतरायचं, हे शंभर वर्षं एका कायद्यानं ठरवलं: 1923 चा कामगार नुकसानभरपाई कायदा, अंमल 1 जुलै 1924 पासून. दिवाणी कोर्टाच्या फेऱ्यांत कामगार पिचू नये म्हणून त्यात वेगळे आयुक्त नेमले. हेतू चांगलाच होता. पण कलम 25 वाचताना आजही राग येतो. साक्षीचा थोडक्यात सारांश आयुक्तांनी लिहायचा. डॉक्टरची साक्ष मात्र शक्यतो शब्दशः. ज्याचा हात गेला, त्याच्या वाट्याला सारांश!

त्यात दुभाष्या आला की सारांशाचाही सारांश होतो. समजा, मशीनच्या गार्डबद्दल, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून लावलेल्या संरक्षक झाकणाबद्दल, कामगार म्हणाला, ‘आधीच्या पाळीवाल्यांनीच गार्ड काढून ठेवला होता.’ दुभाष्यानं सांगितलं, ‘गार्ड काढलेला होता.’ कोणी काढला? कलम 3 प्रमाणे कामगारानं स्वतः जाणूनबुजून गार्ड काढला असेल, तर मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व सोडून बाकी इजांची भरपाई मालकाला द्यावी लागत नसे. एका हाताची दोन बोटं गेली, तर कायद्याच्या परिशिष्टात कमाईची क्षमता 20 टक्के घटल्याचं धरलं होतं, म्हणजे अपंगत्व अंशतःच. दावा इथेच बुडू शकत होता.

शपथ दुभाष्यालाही घ्यावी लागते. 1969 च्या शपथ कायद्यात तसं स्पष्ट आहे. पण दुभाष्या म्हणून ठेकेदाराचाच मुकादम उभा राहिला, तर त्याची भाकरी त्याच ठेकेदाराच्या हातात असते. अशा माणसाकडून तटस्थपणा कसा मागणार? फौजदारी खटल्यात साक्ष वाचून दाखवून दुरुस्त करण्याची सोय 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही होती. कलम 25 मध्ये ती अट नव्हती.

पुढे अपील. कलम 30 नुसार उच्च न्यायालयात जायला कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न लागायचा. गार्ड कोणी काढला, हा वस्तुस्थितीचा प्रश्न. तो वर सहसा उघडला जात नसे. म्हणजे चूक तिथल्या तिथे दाखवायची, तीही स्वतःला न समजणाऱ्या भाषेत झालेली.

21 नोव्हेंबर 2025 पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली. आता तरी प्रत्येक सुनावणीत दुभाष्या त्रयस्थ हवा आणि कामगाराच्या मूळ बोलण्याचं ध्वनिमुद्रण दप्तरी राहायला हवं.