८ + ८ म्हणजे १६ नव्हे

हल्ली मोबाइलच्या खोक्यावर ‘८ + ८ जीबी रॅम’ असं मोठ्या अक्षरांत छापतात. त्यातले दुसरे ८ जीबी रॅम नसतातच. ती स्टोरेजमधून बाजूला काढलेली जागा असते. अशा जाहिरातींमुळे व्हर्च्युअल मेमरी म्हणजे डिस्कवरची उसनी रॅम, असा समज पसरलाय. खरी गंमत वेगळीच आहे.

व्हर्च्युअल मेमरीत प्रोग्रामला रॅमचे खरे पत्ते, म्हणजे मेमरीतल्या जागांचे क्रमांक, कधी दिसतच नाहीत. समजा, त्याने पत्ता २०५०० मागितला. प्रोसेसर त्याला ४०९६ ने भागतो, कारण मेमरीची पानं साधारणपणे ४०९६ बाइटची असतात. भागाकार ५, बाकी २०. म्हणजे पान क्रमांक ५ वरचा बाइट क्रमांक २०. मग पेज टेबलमध्ये, म्हणजे कुठलं पान रॅममध्ये कुठे आहे त्या यादीत, पाहायचं: या प्रोग्रामचं पान ५ रॅमच्या चौकट ८१२ मध्ये (पानाएवढ्या कप्प्यात) आहे. खरा पत्ता झाला ८१२ × ४०९६ + २० = ३३२५९७२. दुसऱ्या प्रोग्रामचाही २०५०० असतो, पण त्याचं टेबल वेगळं, चौकट वेगळी. म्हणून एकाला दुसऱ्याच्या डेटात सहसा डोकावता येत नाही.

आणि पान रॅममध्ये नसेलच तर? प्रोसेसर तो पत्ता मागणारी सूचना अर्धवट सोडतो, ऑपरेटिंग सिस्टिम डिस्कवरून पान आणते, टेबल दुरुस्त करते आणि तीच सूचना पुन्हा चालवली जाते. प्रोग्रामला पत्ताही लागत नाही! मँचेस्टरच्या ॲटलस संगणकाने १९६२ मध्ये हे करून दाखवलं, तेव्हा त्याची मुख्य मेमरी जेमतेम १६ हजार ‘शब्दांची’ (शब्द म्हणजे संगणक एकत्र हाताळतो तो बिटांचा गट) होती.

मात्र वेळ लागतो. रॅममधून वाचायला एक मिनिट लागतं असं धरलं, तर एसएसडीला (चिपवरच्या स्टोरेजला) १६-१७ तास आणि जुन्या हार्ड डिस्कला दोन महिन्यांहून जास्त.

‘पेजफाइल रॅमच्या दीडपट ठेवा’ हा जुना मंत्र आहे; पेजफाइल म्हणजे रॅमबाहेरची पानं ठेवायची डिस्कवरची फाइल. त्याला आज आधार नाही. ‘रॅम साफ’ करणारी ॲप्स तर उपयोगी पानंच हाकलतात. विंडोजमध्ये आकार सिस्टिमवर सोपवा. पेजफाइल पूर्ण बंद करू नका: प्रोग्रामांना कबूल केलेली मेमरी मग रॅमपुरतीच उरते आणि रॅम मोकळी दिसत असूनही प्रोग्राम बंद पडू शकतात. टास्क मॅनेजरमध्ये ‘कमिटेड’चा पहिला आकडा (कबूल केलेली मेमरी) दुसऱ्याला (तिची मर्यादा) टेकत असेल, तर पेजफाइल वाढवा. डिस्क सतत पानंच आणत-नेत असेल, तर मात्र रॅमच वाढवायला हवी.