सीतेची आसवे: फुलात सापळा नाही

पावसाळा सरता सरता पुणेकरांच्या गाड्या साताऱ्याजवळच्या कास पठाराकडे वळतात, आणि कोणीतरी हमखास सांगतं: 'सीतेची आसवे' या फुलावर किडा बसला की पाकळ्या मिटतात, किडा फस्त. साफ चूक. मधमाशीच खाल्ली तर परागीभवन कोण करणार?

वनस्पती कीटकभक्षी आहे, पण शिकार होते चिखलात. तिला खरी मुळं नसतात. जमिनीतल्या धाग्यांवर मिलिमीटरभर पिशव्या असतात. पिशवी आतलं पाणी बाहेर टाकून चपटी होते. दाराला सूक्ष्म जीव लागला की क्षणार्धात दार उघडतं आणि पाण्यासकट तो आत ओढला जातो. सड्यावरच्या, म्हणजे खडकाळ पठारावरच्या, मातीत नत्र कमी, म्हणून हा खटाटोप.

गैरसमज बहुधा शेजारच्या 'दवबिंदू' या दुसऱ्या कीटकभक्षी वनस्पतीमुळे झाला असावा. ती किडे चिकटवते खरी, पण पानांवर. फोटोसाठी चिखलात उतरणाऱ्यांच्या बुटाखाली नेमक्या या पिशव्याच येतात.