पैठणी असो की घोंगडी, धागा जाळला की केसांचाच वास येतो

साडी खरंच सिल्कची आहे का हे बघायची जुनी पद्धत म्हणजे पदराचा एखादा सुटलेला धागा काढायचा न त्याला काडी लावायची. पॉलिस्टर असेल तर वितळून कडक मणी होतो, कॉटन कागदासारखं जळतं आणि अस्सल रेशीम असेल तर केस जळाल्यासारखा वास येतो, राख बोटांत चुरगळते. आता हेच घोंगडीच्या धाग्याला करून बघा, सेम वास! कारण दोन्ही प्रोटीनच आहेत. लोकर म्हणजे केराटिन, आपल्या केसांत नि नखांत असतं तेच, आणि रेशीम म्हणजे फायब्रॉइन.

पण सूत व्हायची तऱ्हा दोघांची पार वेगळी. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर आखूड आणि भरड, ती कातरायची, पिंजायची आणि चरख्यावर पीळ देत कातायची. एकेक केस जेमतेम बोटाएवढा असतो तरी सूत टिकतं, कारण पीळ तर असतोच, शिवाय केसावर माशासारखे बारीक खवले असतात ते एकमेकांत अडकतात (गरम पाण्यात घुसळलेला स्वेटर आकसतो तो पण ह्या खवल्यांमुळेच). मग सणगर लोक ताण्याला (म्हणजे उभ्या धाग्यांना) चिंचोक्याची खळ लावून मागावर घोंगडी विणतात. काळ्या घोंगडीला रंग दिलेला नसतो, मेंढीच काळी असते. आणि लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण 30 टक्के ओलावा पिते तरी हाताला ओली लागत नाही, मला तर ही गोष्ट फार भारी वाटते.

रेशमाचा धागा मात्र अळीच तयार देते. ती साधारण 25 दिवस तुतीचा पाला खाते, चार वेळा कात टाकते, मग डोकं इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवत दोन-तीन दिवसांत स्वतःभोवती कोष करते, त्यातला अखंड धागा कधीकधी किलोमीटरभर भरतो! पतंग बाहेर पडला तर कोष फुटतो म्हणून आधीच वाफेने किंवा गरम हवेने आतला जीव मारतात, वाईट वाटतं पण असंच होतं. कोष गरम पाण्यात टाकला की सेरिसिन नावाचा डिंक सैल होतो, टोक सापडतं, आणि सात-आठ कोषांचे धागे एकत्र गुंडाळून एक धागा होतो. उरलेला डिंक साबणाच्या पाण्यात उकळून काढतात तेव्हा वजन जवळजवळ पाव भाग घटतं न खरी चमक येते, कारण आतला तंतू जवळपास त्रिकोणी असतो, लोलकासारखा. आपल्याकडे गडचिरोली-भंडाऱ्यात ऐनाच्या झाडावर टसर ह्या रानटी रेशमाच्या अळ्या पाळतात, त्या रेशमालाच कोसा म्हणतात, त्याचा रंग मुळातच मधासारखा.

आता कामाचं. रक्ताचे, दुधाचे डाग काढणाऱ्या बऱ्याच वॉशिंग पावडरींत प्रोटीन तोडणारं एन्झाइम असतं, ते डागासोबत लोकर आणि रेशीम पण खातं, आणि धुण्याचा सोडा सुद्धा दोघांना झिजवतो. म्हणून प्लीज, स्वेटर नि साधी सिल्कची साडी गार पाण्यात, रिठ्याने नाहीतर केसांच्या सौम्य शाम्पूने धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा.