‘तुना मनमा ई तसं कर’: देव सोडून देतो तेव्हा

आमच्या अमळनेरच्या घरी आजीने कधी कुणावर हात उगारला नाही. सांगून सांगून थकली की एवढंच म्हणायची, ‘जाय, तुना मनमा ई तसं कर.’ म्हणजे जा, तुझ्या मनात येईल तसं कर. मग गप्प. त्या गप्प बसण्याची आम्हाला मारापेक्षा जास्त धास्ती असायची. बायबलच्या नव्या करारातल्या, प्रेषित पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय वाचताना मला तीच आठवते.

हे पत्र साधारण इ.स. 57 चं. त्यात पौल एकच क्रियापद तीनदा वापरतो: ‘पारेदोकेन’, म्हणजे देवाला सोडून मूर्तींकडे वळलेल्या माणसांना देवाने सोपवून दिलं. कुणाच्या हाती? त्यांच्याच वासनांच्या. आकाशातून आग पडत नाही, अडवणारा हात तेवढा बाजूला होतो.

पौलाच्या कितीतरी आधीपासून हा विचार होता. इ.स.पूर्व आठव्या शतकात होशेय संदेष्टा सांगतो, एफ्राइम (म्हणजे इस्राएलचं उत्तरेकडचं राज्य) मूर्तींना जडलाय, राहू द्या त्याला. 81 व्या स्तोत्रात लोक ऐकत नाहीत म्हणून देव त्यांना त्यांच्याच हट्टी मनावर सोडतो आणि लगेच हळहळतो, माझ्या लोकांनी ऐकलं असतं तर! इस्राएली लोकांना गुलामीतून सोडायला तयार नसलेल्या मिसरच्या राजाचं, फारोचंही तसंच. आधी तो स्वतःच मन कठीण करतो. देवाने मिसरवर पाठवलेल्या दहा पीडांच्या कथेत ‘परमेश्वराने त्याचं मन कठीण केलं’ हे शब्द सहाव्या पीडेनंतर येतात.

चौथ्या शतकाच्या अखेरीस अंत्युखिया शहरात क्रिझोस्टोम या ख्रिस्ती धर्मोपदेशकाने पौलाच्या ‘सोपवून दिलं’ याचा उलगडा सेनापतीच्या दाखल्याने केला. ऐन लढाईत सेनापती निघून गेला तर तो सैनिकांना शत्रूकडे ढकलत नाही, त्याचा आधार गेला की ते आपोआप शत्रूच्या हाती पडतात. ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीन आणखी पुढे गेला: पाप हीच पापाची शिक्षा.

आपल्याकडे ‘करावे तसे भरावे’ म्हणतात, पण मला हे दोन्ही एक वाटत नाहीत. त्या म्हणीत रडणारं कुणी नाही. होशेयच्या अकराव्या अध्यायात मात्र तोच देव विचारतो, एफ्राइमा, तुला मी कसा सोडू? आजी गप्प असली तरी रुसलेल्याच्या वाटणीची कळण्याची भाकर दुरडीत झाकलेली असायची.

आणि पौल? त्याच पत्राच्या आठव्या अध्यायात तो तेच क्रियापद पुन्हा घेतो. या वेळी देव सोपवतो ते स्वतःच्या पुत्राला, आपल्या सर्वांसाठी.