खिडकीचे माप पाठवण्यापूर्वी : ते कुठून कुठपर्यंतचे आहे?

आम्ही संगणकावर तयार केलेले घराचे त्रिमितीय मॉडेल हाती पडल्यावर बरेच ग्राहक आम्हाला एकच गोष्ट विचारतात : माप तर नीट घेऊन दिले होते, मग चित्रात खिडकी लहान का दिसते? दिलेला आकडा बहुधा अचूकच असतो, पण तो कशाचा आहे हे त्यासोबत लिहिलेले नसते. नुसत्या ‘रुंदी १२०० मिलिमीटर’ या नोंदीवरून ती भिंतीतील गाळ्याची, म्हणजे खिडकीसाठी सोडलेल्या मोकळ्या जागेची, रुंदी आहे, चौकटीची बाहेरून बाहेर आहे, चौकटीच्या आतल्या मोकळ्या भागाची आहे की भोवतालच्या मोल्डिंगच्या (चौकटीभोवती ठोकलेल्या पट्टीच्या) बाह्य कडांमधले अंतर आहे, हे आम्हाला कळू शकत नाही. आणि एकाच खिडकीची असूनही ही चारही मापे वेगवेगळी असतात.

गाळा १२०० मिलिमीटर आहे असे धरू. चौकट बसवताना दोन्ही बाजूंना १० मिलिमीटर फट सोडली, तर चौकट बाहेरून ११८० भरते. तिची प्रत्येक उभी बाजू ६० मिलिमीटर रुंद असेल, तर आत १०६० उरतात. चौकटीची आतली कड ५ मिलिमीटर उघडी ठेवून त्यावर ७५ मिलिमीटरचे मोल्डिंग ठोकले, की मोल्डिंग बाहेरून बाहेर १२२० होते आणि फट झाकली जाते. बहुतेक जण चौकटीच्या आत टेप लावतात, कारण तिथे ती सहज टेकते, आणि १०६० लिहून पाठवतात. हाच आकडा गाळ्याचा समजून भरला गेला, तर फट आणि चौकट पुन्हा एकदा त्यातून वजा होतात आणि मोकळा भाग ९२० वर येतो. खिडकी तब्बल १४० मिलिमीटरने अरुंद होते, आणि तिच्या दोन्ही बाजूंची भिंत प्रत्येकी ७० मिलिमीटरने वाढते.

ही वाढलेली भिंत केवळ चित्र बिघडवत नाही. आमच्या एका ग्राहकाने अशाच मॉडेलवरून खिडकीशेजारचे कपाट करून घेतले होते. पडद्यावर ते व्यवस्थित बसत होते. प्रत्यक्षात कपाटाची कड मोल्डिंगवर आली आणि खिडकीचे पट पूर्ण उघडेनासे झाले. तेव्हापासून मोजणीचा तक्ता पूर्ण भरून आल्याशिवाय आम्ही खिडक्यांचे काम सुरू करत नाही. काही ग्राहकांना हा अनावश्यक उशीर वाटतो, हे आम्ही जाणतो. परंतु एक चुकलेली खिडकी दुरुस्त करायची म्हणजे तिच्या भिंतीवरील फर्निचर, पडद्याचा दांडा आणि उजेडाची चित्रे असे सगळेच पुन्हा करावे लागते, आणि त्यात तक्ता भरण्याच्या कितीतरी पट वेळ जातो.

तक्त्यात गाळ्याची रुंदी वर, मध्ये आणि खाली, तसेच उंची डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे मोजून लिहावी. तिन्हींपैकी सर्वांत लहान माप आम्ही धरतो. दोन्ही कर्णही मोजावेत : १२०० बाय १५०० चा गाळा गुण्यात, म्हणजे चारही कोपरे काटकोनात, असेल, तर दोन्ही कर्ण सुमारे १९२१ मिलिमीटर भरतात, ते एकमेकांशी जुळत नसतील, तर गाळा तिरपा आहे. फूट-इंचांत लिहायचे असल्यास ४ फूट ६ इंच असे शब्दांत लिहावे. ‘४.६ फूट’ लिहिल्यास संगणक त्याचा अर्थ ४ फूट ७.२ इंच असा घेतो, आणि तिथेच ३० मिलिमीटरचा फरक पडतो.

जे ग्राहक स्केचअप किंवा स्वीट होम थ्रीडी या संगणक प्रणालींमध्ये स्वतः मॉडेल करून ते आमच्याकडे तपासायला देतात, त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. प्रणालीच्या संग्रहातील ९०० मिलिमीटरची तयार खिडकी ओढून १८०० केली, की काचेबरोबर चौकटही ताणली जाते. ६० ची उभी बाजू १२० होते, आडवी मात्र ६० च राहते, आणि कोपऱ्यातला ४५ अंशांचा सांधा २७ अंशांच्या आसपास झुकतो. अशी खिडकी पाहताच काहीतरी चुकल्याचे जाणवते, पण नेमके काय ते सांगता येत नाही. त्याऐवजी चौकट, पट आणि मोल्डिंग हे तीन वेगळे भाग करावेत. मोल्डिंगचा छेद एकदाच काढून स्केचअपच्या ‘फॉलो मी’ साधनाने तो कडेभोवती फिरवावा, आणि खिडकी रुंद केल्यास मोल्डिंग न ताणता तोच छेद नव्या कडेभोवती पुन्हा फिरवावा, म्हणजे मोल्डिंगची जाडी बदलत नाही. भिंतीची जाडी गिलाव्यासह धरावी आणि चौकट भिंतीच्या आतल्या कडेला आहे की मध्यावर, तेही ठरवावे, कारण सिलवर (खिडकीच्या खालच्या आडव्या कट्ट्यावर) पडणारी सावली त्यावरच अवलंबून असते.

आमच्या प्रत्येक मॉडेलमध्ये हे भाग मुळातच वेगळे असतात. त्यामुळे पुढे आपल्याला केवळ मोल्डिंगचा रंग किंवा रुंदी बदलून पाहायची असेल, तर संपूर्ण खिडकी नव्याने करावी लागत नाही. आमच्या हातून झालेली चूक आम्ही कोणतेही शुल्क न घेता दुरुस्त करून देतो. मोजणीतील चुकीमुळे करावा लागणारा बदल मात्र स्वतंत्र काम धरला जातो. स्वतः मोजणे शक्य नसल्यास ते कामही आमच्याकडे सोपवता येते. मोजताना टेप नेमकी कोणत्या कडेला लावावी अशी शंका आल्यास, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात टेप धरून जवळून एक छायाचित्र काढावे आणि तक्त्यासोबत पाठवावे. त्यावरून कोणते माप हवे ते आम्ही काम सुरू करण्यापूर्वीच आपल्याला कळवू.