इलेक्ट्रिक गिटारचं फिनिश: जपणं आणि दुरुस्ती

इलेक्ट्रिक गिटारच्या लाकडावर सीलर म्हणजे लाकडाची छिद्रं बुजवणारा पहिला थर, मग रंग आणि वरून पारदर्शक कोट असं जे आवरण असतं त्याला फिनिश म्हणतात. घाम आणि दमट हवा लाकडात शिरू नये हे त्याचं मुख्य काम, चकाकी त्यानंतर. ते जपायचं असो की दुरुस्त करायचं असो, सगळ्यात आधी एकच गोष्ट माहीत पाहिजे, आपल्या गिटारवर नायट्रो आहे का पॉली, कारण पुढचं सगळं त्यावरच ठरतं.

नायट्रो म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर, आपल्याकडचे पॉलिशवाले ज्याला एनसी म्हणतात तेच. १९२०च्या दशकात ड्युपॉन्टने ते गाड्यांसाठी 'ड्यूको' नावाने आणलं, आणि आपल्याकडे आजही पेंटर 'ड्यूको मारून देतो' म्हणतात तो शब्द तिथलाच. फेंडर या अमेरिकन गिटार कंपनीचे जुने गाजलेले रंग पण गाड्यांचेच, लेक प्लॅसिड ब्लू कॅडिलॅकचा, फिएस्टा रेड फोर्डचा. पॉली म्हणजे पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टर. फेंडरने १९६८च्या सुमारास बॉडीला पॉलिएस्टर वापरायला सुरुवात केली, दुसरी मोठी गिटार कंपनी गिब्सन, तिने मात्र नायट्रो सोडलं नाही. आज कमी आणि मध्यम किमतीतल्या बहुतेक गिटार पॉलीच असतात.

फरक असा, की नायट्रो नुसतं थिनर उडून सुकतं, त्यामुळे वीस वर्षांनी जरी वरून नवीन लॅकर लावलं तरी जुना थर थोडा विरघळतो आणि दोन्ही एकजीव होतात. पॉली केमिकल रिअॅक्शनने घट्ट होतं आणि एकदा झालं की परत विरघळत नाही, नवीन थर नुसता वर बसतो आणि घासताना जिथे थर संपतो तिथे रेघ दिसते. ओळखायचं असेल तर मागचं कव्हर किंवा पिकगार्ड (तारांखालची प्लॅस्टिकची पट्टी) काढून आतल्या लपलेल्या जागी इअरबडने थेंबभर अॅसिटोन लावून बघायचं, नायट्रो लगेच चिकट होतं, पॉलीला सहसा काही होत नाही. बाहेर दिसणाऱ्या भागावर हा प्रयोग चुकूनही करू नका.

नायट्रोचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे स्टँडचं रबर. रबर आणि व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात जे केमिकल असतं ते हळूहळू लॅकरमध्ये उतरतं आणि लॅकर मऊ पडतं. माझ्या गिटारच्या नेकमागे, म्हणजे दांड्याच्या मागच्या बाजूला, असे दोन डाग आहेत, एक अख्खा पावसाळा ती तशीच स्टँडवर राहिली होती, आजही अंगठा तिथून सरकताना अडकतो आणि प्रत्येक वेळी जीव हळहळतो. जुन्या सुती बनियनचा तुकडा स्टँडला गुंडाळला असता तर हे झालंच नसतं. पॉलीला हा त्रास जवळपास नाही. दुसरा शत्रू ऊन. १९५८ ते १९६० मधल्या गिब्सनच्या लेस पॉल मॉडेलच्या सनबर्स्टमधला (मधे फिकट आणि कडेला गडद होत जाणाऱ्या रंगातला) लाल रंग उन्हाने इतका उडायचा की काही गिटार पिवळ्याच दिसतात. तिसरा म्हणजे तापमानाचा झटका. जे मराठी लोक थंड देशात राहतात त्यांनी बर्फातून घरी आल्यावर गिटारची पेटी लगेच उघडू नये, दोन-चार तास तशीच बंद ठेवावी, नाहीतर लाकूड आणि लॅकर वेगवेगळ्या वेगाने फुगतं आणि नायट्रोवर केसासारख्या बारीक भेगा पडतात.

रोजची निगा साधी आहे, वाजवून झालं की मऊ सुती कापडाने घाम पुसा, बस. सिलिकॉनवालं कार पॉलिश नको, कारण पुढे कधी रंग मारायची वेळ आली तर तिथे रंग धरत नाही, गोल गोल खळगे पडतात. मॅट फिनिशला तर पॉलिश लावूच नका, घासलं तिथे चकाकी येते आणि ती परत जात नाही. लेमन ऑइल फक्त रोझवुडसारख्या उघड्या फ्रेटबोर्डवर (नेकवरची, जिथे बोटं दाबतो ती पट्टी), मेपलच्या फ्रेटबोर्डला सहसा स्वतःचं फिनिश असतं.

आता टवका. पॉलीचा टवका उडाला तर सुपरग्लूने भरतात. जागा स्वच्छ पुसून टूथपिकने एक थेंब सोडायचा, सुकू द्यायचा, मग दुसरा, असं करत भराव आजूबाजूपेक्षा किंचित वर येईपर्यंत. एकदम भरलं तर आत बुडबुडे राहतात. मग दाढीचं ब्लेड घ्यायचं, दोन्ही टोकांना टेप लावायची म्हणजे फक्त मधलीच धार लागते आणि टेपच्या जाडीमुळे बाजूचं फिनिश वाचतं, आणि ते जवळपास उभं धरून हलक्या हाताने आपल्याकडे ओढायचं, उंचवटा पिठासारखा खरवडून येतो. टेपच्या जाडीइतकं राहिलं की १००० नंबरचा वॉटर पेपर ओला करून, मग १५००, मग २०००, आणि शेवटी रबिंग कंपाउंड. घाई इथेच नडते, कडेपाशी जास्त घासलं की खालचा रंगच उघडा पडतो. नायट्रोला हेच लॅकरचे थेंब सोडून करतात, फक्त प्रत्येक थेंब सुकताना आक्रसतो म्हणून काम काही आठवडे चालतं. रंगाचा मेळ बसवणं सगळ्यात कठीण, कारण जुनं नायट्रो पिवळं पडलेलं असतं, नवीन पांढरा जुन्या पांढऱ्याशेजारी ठिगळासारखा दिसतो.

स्प्रे मारायचा असेल तर मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर नको. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं बाष्प त्यात अडकतं आणि लॅकर दुधाळ होतं. फर्निचर पॉलिश करणाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं. शिवाय मास्क लावा, उघड्या हवेत मारा, आणि नायट्रो भयंकर ज्वालाग्राही असल्यामुळे जवळपास कुठेही पेटती शेगडी नको.

जुन्या मौल्यवान गिटारला मात्र पूर्ण नवीन रंग देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, मूळ फिनिश गेलं की संग्राहक किंमत साधारण निम्मी धरतात. आयरिश गिटारवादक रोरी गॅलाघरची १९६१ची स्ट्रॅट (फेंडरचं स्ट्रॅटोकास्टर मॉडेल), जी त्याने १९६३ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात विकत घेतली, तिचं सनबर्स्ट वाजवून वाजवून बहुतेक सगळं निघून गेलं होतं, आणि ती ओळखली जाते ती त्या उघड्या लाकडामुळेच.