दाढीच्या कडक साबणाचा फेस

दाढीचा कडक साबण गोल वडीच्या किंवा कांडीच्या रूपात मिळतो. ट्यूबमधल्या क्रीममध्ये पाणी आधीच मिसळलेले असते. कडक साबणात ते वापरणाऱ्याने घालायचे असते आणि फेसाचे सारे गणित तिथेच जमते किंवा बिघडते. चांगला फेस धरत नाही म्हणून अनेक जण वडी कायमची बाजूला ठेवतात. बहुतेक वेळा दोष वडीचा नसतो. ब्रशवर पुरेसा साबण चढण्याआधीच पाणी वाढवलेले असते.

फेसाचे काम : दाढीचा कोरडा केस चिवट असतो. कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटे ओला राहिला की तो पाणी शोषून फुगतो, मऊ पडतो आणि तो कापायला लागणारा जोर बराच कमी होतो. पण चेहऱ्यावर नुसते मारलेले पाणी ओघळून जाते किंवा सुकते. फेस हेच पाणी सूक्ष्म बुडबुड्यांच्या भिंतींमध्ये धरून केसांजवळ ठेवतो. साबण अल्कधर्मी असल्याने (सामू, म्हणजे pH, साधारण ९ ते १०) केसावरचा तेलकट थर निघतो आणि पाणी आत शिरायला वाट मिळते. पाते सरकते ते मात्र त्वचेला लागून असलेल्या साबण-पाण्याच्या पातळ, निसरड्या थरावरून. वरच्या बुडबुड्यांचा त्यात फारसा वाटा नसतो. म्हणून फेस किती फुगला यावरून त्याची पारख करू नये. उंच उभा राहिलेला हलका फेस पाते फिरताच कोरडा लागतो. त्यापेक्षा बुटका पण निसरडा फेस केव्हाही बरा.

घटक : मेदाम्ले (तेल-चरबीतली आम्ले) आणि अल्कली यांच्या अभिक्रियेतून साबण बनतो. अंगाचा साबण बहुधा सोडियम हायड्रॉक्साइड वापरून करतात. दाढीच्या साबणात त्याच्या जोडीला पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालतात, बऱ्याचदा अधिक प्रमाणात. पोटॅशियमचे साबण मऊ असतात आणि पाण्यात सहज विरघळतात, तर सोडियममुळे वडीला कडकपणा येतो. मेदाम्लांमध्ये सर्वांत महत्त्वाचे ते स्टिअरिक आम्ल. त्याच्या साखळीत कार्बनचे १८ अणू असतात आणि त्यापासून होणारा फेस बारीक, दाट व टिकाऊ असतो. प्राण्यांच्या चरबीतून आणि पामतेलातून दीर्घ साखळीची मेदाम्ले मिळतात. वरून वेगळे स्टिअरिक आम्लही घालतात. खोबरेल तेलातले लॉरिक आम्ल १२ कार्बनचे असते. त्याचा फेस झटकन येतो, पण बुडबुडे मोठे असतात आणि लवकर बसतात. प्रमाण वाढले तर त्वचा कोरडी पडते. अंगाच्या साबणाचा फेस गालावर अर्ध्या दाढीतच का विरतो, याचे उत्तर या फरकात आहे.

कडक साबण सुरुवातीला हट्टी वाटतो, त्यामागेही हेच स्टिअरिक आम्ल असते. सोडियम स्टिअरेट, म्हणजे या आम्लाचा सोडियमचा साबण, थंड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पाणी गरम होत जाते तशी त्याची विद्राव्यता वाढते. पोटॅशियम स्टिअरेट त्या मानाने बरेच सोपे, पण त्यालाही ऊब आवडते. त्यातून वडी ‘ट्रिपल मिल्ड’ असेल, म्हणजे साबणाचा कीस रोलरांमधून पुन्हापुन्हा दाबून काढून मग साच्यात घट्ट बसवलेला असेल, तर पृष्ठभाग गुळगुळीत आणि अतिशय घन असतो. ब्रशची टोके त्यावरून नुसती घसरतात. अशी वडी महिनोन्‌महिने टिकते, हा त्याच गुणाचा दुसरा भाग. काही साबणांत लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतला स्निग्ध पदार्थ, घातलेले असते. मिचेल्स वूल फॅट हा ब्रिटिश साबण त्याचे प्रसिद्ध उदाहरण. दाढीनंतर त्वचा मऊ ठेवण्याबद्दल तो वाखाणला जातो आणि फेस काढायला अवघड म्हणूनही ओळखला जातो.

पाणी : हा घटक बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. दुष्फेन (जड) पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे आयन असतात. ते मेदाम्लांशी जुळून अविद्राव्य साका तयार करतात. बादलीच्या कडेला आणि बेसिनवर बसणारा राखट थर तो हाच. ब्रशवर घेतलेल्या साबणाचा एक हिस्सा अशा रीतीने फेस होण्याआधीच वाया जातो. कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरमागे ६० मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी मृदू, १२० च्या पुढचे दुष्फेन आणि १८० च्या पुढचे अतिदुष्फेन मानण्याची वर्गवारी प्रचलित आहे. फेस बिघडण्याचे कारण पाणी आहे की हात, हे ठरवायचा सोपा मार्ग म्हणजे एकदा ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी वापरून पाहणे. भिजवण्यापासून फेटण्यापर्यंत सगळीकडे तेच घ्यावे. फेस एकदम सुधारला तर पाण्याचा दोष नक्की. मग रोज साबण थोडा जास्त घ्यावा किंवा पाण्यात सायट्रिक आम्लाची अगदी बारीक चिमूट टाकावी. सायट्रेट आयन कॅल्शियमला पकडून ठेवतात. चिमूट मोठी झाली तर आम्लामुळे साबणच फुटतो, म्हणून इथे हात आखडताच ठेवावा. अनेक साबणांत याच कामासाठी ईडीटीएसारखे घटक आधीच घातलेले असतात. पाणी उकळल्याने बायकार्बोनेटांमुळे आलेले, ‘तात्पुरते’ म्हटले जाणारे दुष्फेनत्व जाते; सल्फेट-क्लोराइडांमुळे आलेले ‘कायमचे’ दुष्फेनत्व जात नाही.

ब्रश : डुकराच्या राठ केसांचा ब्रश कडक वडीला सर्वांत चांगला खरवडतो. मात्र तो कोमट पाण्यात काही मिनिटे भिजवावा लागतो आणि नवा असताना फेस स्वतःच गिळतो. वापराने केसांची टोके दुभंगली की तो मऊ होतो व मग उत्तम चालतो. बॅजर या बिळात राहणाऱ्या प्राण्याचे केस पाणी भरपूर धरतात. त्यामुळे बॅजरचा ब्रश नीट झटकला नाही तर पहिल्याच फिरकीत पाण्याचा पूर येतो. कृत्रिम तंतू पाणी शोषत नाहीत, भिजवावे लागत नाहीत आणि थोड्या साबणातही लवकर फेस देतात. नवशिक्याने यानेच सुरुवात करावी.

कृती : आंघोळ करताना किंवा तोंड धुताना वडीवर चमचाभर कोमट पाणी घालून ठेवावे. तीन ते पाच मिनिटांत वरचा पापुद्रा मऊ होतो. हे पाणी ओतून द्यावे, किंवा त्यात साबण उतरलेला असतो म्हणून गालांवर चोळावे. ब्रश भिजवून दोन-तीनदा झटकावा. तो ओला असावा, पण त्यातून पाणी गळू नये. मग वडीवर हलक्या दाबाने गोल फिरवायला लागावे. ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची आणि घाईत सगळ्यांत आधी बळी जाणारी. पहिल्या काही फेऱ्यांत मोठे, पांढरे, पोकळ बुडबुडे येतात. त्याला फेस समजून थांबू नये, कारण तो निव्वळ पाण्यात थोडा साबण उतरल्याचा परिणाम असतो. फिरवत राहिले की बुडबुडे बारीक होतात, मग दिसेनासे होतात आणि ब्रशच्या टोकांवर घट्ट, चिकट लेप चढतो. ब्रश किंचित ओढल्यासारखा जड लागतो आणि वडीवर त्याच्या वळ्या उमटतात. इथवर पोहोचायला साधारण अर्धे ते एक मिनिट लागते, दुष्फेन पाण्यात त्याहून जास्त. टोके पार कोरडी पडली तर ती पाण्याला जेमतेम टेकवून पुन्हा फिरवावे.

यापुढे पाणी वाढवायचे, पण थेंबाथेंबाने. ब्रशची फक्त टोके बुडवावीत, वीस-तीस फेऱ्या माराव्यात, फेस पाहावा आणि मगच पुन्हा बुडवावीत. हे काम वाटीत करता येते किंवा थेट चेहऱ्यावर. वाटीत फेस डोळ्यांनी पारखता येतो आणि आतून खडबडीत वाटी घेतली तर हवा लवकर मिसळते. चेहऱ्यावर केस उचलले जातात आणि मुरायला वेळ मिळतो. संवेदनशील त्वचेला मात्र तेवढे घासणे सोसत नाही. ब्रश दाबून पसरवू नये. गाभ्यात साबण अडकतो आणि ब्रशही लवकर खराब होतो.

पाणी कमी असताना फेस निस्तेज, मेणचट दिसतो, उचलला की टोकदार शिखर तसेच राहते, आणि गालावर मिनिटाभरात कडा सुकतात. पाणी योग्य झाले की पृष्ठभागावर ओल्या रंगासारखी चकाकी येते, शिखर वाकते आणि दोन बोटांत चोळून पाहिल्यास बोटे एकमेकांवरून घसरतात. पाणी जास्त झाले तर बुडबुडे डोळ्यांना दिसू लागतात व फेस ओघळतो. तेव्हा तसाच फेटत राहून उपयोग नसतो, ब्रश परत वडीकडे न्यावा लागतो. बहुतेक लोक पाणी कमी पडलेल्या अवस्थेतच थांबतात, कारण घट्ट फेस दिसायला छान दिसतो. आणखी दोन-तीन बुडव्या धीराने घ्याव्यात.

कांडीचा साबण असेल तर ब्रशने वडी घासण्याचा प्रश्नच नसतो. ओल्या दाढीवर कांडी केसांच्या उलट दिशेने फिरवायची आणि ओल्या ब्रशने चेहऱ्यावरच फेस करायचा. दाढीचे खुंट स्वतःच साबण खरवडून घेतात.

वापर झाल्यावर वडीवरचा फेस बोटाने निपटून काढावा आणि ती उघडी ठेवून पूर्ण सुकू द्यावी. ओली असताना झाकण लावले तर ती चिकट होते आणि सुगंधही बिघडतो. ब्रश स्वच्छ पाण्यात गाभ्यापर्यंत धुवावा, कारण दुष्फेन पाण्याचा साका मुळाशी साचून राहिला तर केस राठ होतात आणि पुढच्या वेळी फेस धरायला उशीर लागतो.